मठ जगतो वहिवाटीवर

फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचं चर्च पाडायला पंचवीस वर्षं लागली. क्रांतीनंतर मठांची मालमत्ता सरकारजमा झाली, १७९८ मध्ये हे चर्च दगडाच्या व्यापाऱ्यांना विकलं गेलं आणि १८२३ पर्यंत सुरुंग आणि पहारी चालू राहिल्या. रोमचं नवं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं हे सगळ्यात मोठं चर्च होतं, १८७ मीटर लांबीचं. आज त्याचा दहावा हिस्साही उभा नाही. त्याला ना आगीने खाल्लं, ना भूकंपाने. मालक होते, पण त्या वास्तूत रोज सकाळी दार उघडून काम सुरू करणारं कोणी उरलं नव्हतं. मग तिच्यातल्या दगडाला तिच्यापेक्षा जास्त भाव आला.

त्याच सुमारास पॅरिसच्या उत्तरेला तीस-पस्तीस किलोमीटरवर, आनिएर-स्युर-वाझ गावाजवळ, र्वायोमोंच्या मठाचाही लिलाव झाला. राजा नववा लुई चौदा वर्षांचा होता तेव्हा, १२२८ मध्ये, त्याने आणि त्याची आई ब्लांश हिने सिस्टरशियन या ख्रिस्ती भिक्षुसंघासाठी हा मठ स्थापला. १२३५ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. १७९१ मध्ये तो मार्की द त्राव्हाने या सरदाराने विकत घेतला आणि तिथे सूतगिरणी काढली. शंभर मीटरहून लांब असलेलं चर्च त्याने १७९२ मध्ये पाडलं आणि त्या दगडांतून मजुरांची घरं बांधली. चर्चपैकी आज एका कोपऱ्यातला जिन्याचा बुरूज आणि खांबांची जोती तेवढी दिसतात. पण चौकाभोवतीच्या ओवऱ्या, भोजनगृह, मुदपाकखाना, भिक्षूंचं निवासस्थान आणि पाटावरचं शौचकूप हे सगळं वाचलं. यंत्रांना छप्पर लागत होतं, मजुरांना जागा लागत होती. मुख्य म्हणजे तेराव्या शतकात भिक्षूंनी जवळच्या छोट्या नद्यांचं पाणी वळवून आणलेला पाट गिरणीच्या कामाचा होता.

चर्च पाडणाऱ्या माणसामुळेच बाकीचा मठ वाचला, हे पचायला जड आहे. पण वास्तूंचा इतिहास असाच चालतो, आणि जुन्या मठाचं सांस्कृतिक केंद्र करायची चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी. आपल्याकडे जमिनीच्या कायद्यात वहिवाट हा शब्द आहे: कोण वापरतो, किती काळ, कशासाठी. मठ वहिवाटीवर जगतो. कुलूप लावून ठेवलेला मठ मरतो आणि वर्षातून चार रात्री रोषणाई करून पुन्हा कुलूप लावलेला मठही मरतो, फक्त जरा सावकाश. म्हणून सार्वजनिक पैसा द्यायचाच असेल, तर तो आधी वर्षभर तिथे राहून काम करणाऱ्या संस्थेला द्यावा. महोत्सवाचा विचार त्यानंतर करावा.

र्वायोमोंची वहिवाट तुटली ती १९०५ मध्ये. गिरणी बंद पडल्यावर तिथे धर्मसंघ होते. १९०५ मध्ये धर्मभगिनी गेल्या आणि गुऍं या उद्योजक घराण्याने मठ घेतला. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ मध्ये, स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स या संघटनेच्या डॉक्टर आणि परिचारिका तिथे पोचल्या तेव्हा वास्तूच्या बऱ्याच भागात वीज नव्हती, ऊब नव्हती, पाण्याची धड सोय नव्हती. जानेवारी १९१५ पासून मार्च १९१९ पर्यंत डॉ. फ्रान्सिस आयव्हन्स यांच्या देखरेखीखाली स्त्रियांनी चालवलेलं हे रुग्णालय चाललं आणि जवळपास ११,००० रुग्णांवर तिथे उपचार झाले. भोजनगृहात एक मोठा वॉर्ड होता. ऊन पडलं की खाटा ओवऱ्यांत आणून ठेवत. ज्या कमानींखाली भिक्षू मौन धरून फिरत, तिथे जखमी सैनिक पांघरूण घेऊन पडलेले असत. भिंतींना त्याने काही बाधा आली नाही. त्या चार वर्षांत छप्पर गळलं तर रात्रीतून कळत होतं, कारण खाली माणूस झोपलेला होता.

सांस्कृतिक वापर सुरू केला आंरी गुऍं यांनी. १९३६ मध्ये पहिल्या मैफली झाल्या आणि भोजनगृहात काव्हाये-कोल यांच्या कारखान्यातला मोठा ऑर्गन बसवला गेला. १९३८ मध्ये कलावंत आणि विचारवंतांसाठी निवास सुरू झाला. त्यांच्या पत्नी इझाबेल यांचे भाऊ फ्रांस्वा लांग पियानोवादक होते आणि दुर्मीळ संगीत-हस्तलिखितांचे संग्राहक होते. १९४४ मध्ये आउशवित्झमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचा संग्रह आज त्याच मठात ग्रंथालय म्हणून वापरात आहे, काचेआडचं स्मारक म्हणून नव्हे. १९६४ मध्ये गुऍं दांपत्याने मठ एका प्रतिष्ठानाला दिला. फ्रान्समधलं संस्कृतीसाठीचं हे पहिलं खासगी प्रतिष्ठान.

इथे काय घडलं ते पाहा. ऑक्टोबर १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि भाषाशास्त्रज्ञ नोम चोम्स्की भाषा आणि ज्ञान मुलात येतं कुठून, यावर काही दिवस समोरासमोर वाद घालत होते, तो याच मठात. १९८४ पासून काही वर्षं मार्सेल पेरेस यांनी इथे मध्ययुगीन संगीताचं संशोधन केंद्र चालवलं. जुनी धर्मगीतं कशी म्हणत असतील याचा शोध, त्या गीतांसाठी बांधलेल्या दगडी खोल्यांमध्ये बसून. आजही संगीतकार आणि नर्तक राहायला येतात, तालमी करतात. बाकीच्या दिवसांत संस्था-कंपन्यांच्या बैठका आणि निवासी शिबिरं होतात आणि त्यांचं भाडं देखभालीला लागतं. शरद ऋतूत महोत्सव होतो. सगळ्यात जास्त नजरेत भरतो तो महोत्सव, पण तो वर्षभराच्या कामाचं फळ आहे. झाडाला खत घालायचं सोडून फळालाच पाणी घालत बसलं, तर पुढच्या वर्षी फळ येत नाही.

पण वापर हवा म्हणून कुठलाही वापर चालेल असं नाही. कोणता चालेल, किती चालेल, हे वास्तूच ठरवते, आणि ते तिला आकड्यांत विचारता येतं. महोत्सव ठरवणाऱ्या समित्या हा प्रश्न फार क्वचित विचारतात, म्हणून थोडं खोलात जातो.

आधी आवाज. र्वायोमोंचं भोजनगृह सुमारे ४० मीटर लांब, १३ मीटर रुंद, १० मीटर उंच आहे. मधोमध एका रांगेत पाच खांब, वर दगडी कमानींचं छत, भिंतीत वाचकासाठी कोरलेला चौथरा. भिक्षू मुकाट्याने जेवत आणि एकजण वरून धर्मग्रंथ वाचत असे. त्याला हळू, एका सुरात वाचावं लागे, कारण खोली घुमते. या मापाच्या दगडी दालनाचा ढोबळ हिशेब करू. घनफळ साधारण ५,००० घनमीटर. फरशी, भिंती आणि छत मिळून २,२०० चौरस मीटर पृष्ठभाग. दगड पडलेल्या आवाजाचा जेमतेम ४ टक्के भाग शोषतो, म्हणजे एकूण शोषण ८८ चौरस मीटरांइतकं. घनफळाला ०.१६१ ने गुणून शोषणाने भागलं की आवाज विरायला लागणारा काळ मिळतो: ९ सेकंद. आता तिथे ३०० माणसं बसवा. कपड्यांसकट एक माणूस अर्ध्या चौरस मीटरइतकं शोषण करतो. १५० ची भर पडली आणि काळ साडेतीन सेकंदांच्या आत आला. प्रत्यक्षात लाकडी सामान, काचा, हवा यांमुळे आकडे आणखी खाली येतात, पण रिकामं आणि भरलेलं यातला फरक तसाच राहतो.

बोलणं समजायला सेकंदाच्या आसपासचा काळ लागतो. चार वादकांच्या वाद्यमेळाला दीड सेकंदाच्या आतला बरा, मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंद. साडेतीन सेकंदांत धर्मगीत फुलतं. धृपदाचा आलाप फुलेल, कारण एक स्वर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन बसतो आणि दगडच तानपुरा होतो. पण त्याच दालनात द्रुत लयीतला तबला ठेवा: सेकंदाला दहा-बारा बोल आणि प्रत्येक बोल तीन सेकंद घुमणारा. श्रोत्याला ऐकू येईल तो नुसता गडगडाट. यात तबलजीचा दोष नाही आणि ध्वनियंत्रणेचाही नाही. ज्याने कार्यक्रम ठरवला त्याने खोलीला विचारलं नाही.

हमखास होणारी चूक पुढे आहे. आवाज घुमतो म्हणून आयोजक मोठे स्पीकर आणतात. मोठा आवाज छताकडे जातो, तिथून परततो, गोंधळ वाढतो, मग आवाज आणखी वाढवतात. उपाय उलट आहे. प्रत्येक दहा-बारा मीटरवर उंच, सडपातळ, आवाज खाली श्रोत्यांवरच सोडणारे छोटे स्पीकर लावायचे आणि मागच्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडायचा. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून २० मीटरवरचा स्पीकर ५८ मिलिसेकंद मागे हवा. नाही तर मागच्या रांगेला आधी स्पीकर आणि मग गायक ऐकू येतो. दुसरी चूक रिकाम्या दालनात तालीम करून आवाज ठरवण्याची. संध्याकाळी माणसं भरली की सगळं बदलतं. तालमीच्या वेळी खुर्च्यांवर जाड घोंगड्या टाकल्या तर बराच फरक पडतो, आणि हा खर्च ध्वनियंत्रणेच्या एका दिवसाच्या भाड्याहून कमी आहे.

आवाजापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे ओल. बसलेला माणूस श्वास आणि घाम यांतून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. ३०० माणसं आणि दोन तासांची मैफल म्हणजे ३० लिटर, दोन मोठ्या बादल्यांएवढं पाणी. ते जातं कुठे? हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. मार्चमध्ये युरोपातली जाड दगडी भिंत ९-१० अंशांवर असते. मैफल रंगात येते तसतशी भिंतीच्या खालच्या भागाला हात लावून बघावं. हात ओला होतो. ही ओल दगडातले क्षार विरघळवते, पाणी उडालं की क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक होतात, फुगतात आणि दगडाचे पोपडे काढतात. आपण ज्याला भिंतीला लोणा लागणं म्हणतो, तेच. एका मैफलीने होत नाही. एकामागून एक हंगाम खिडक्या बंद ठेवून केलेल्या मैफलींनी होतं.

यावर सिमेंट मारणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. विसाव्या शतकात युरोपभर दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या आणि आपल्याकडे किल्ले, देवळं, वाडे यांवर हे अजून चाललं आहे. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद. ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही, मग ती दगडातून पडते. काही वर्षांनी भिंत जवळून पाहिली तर सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या पुढे उभ्या दिसतात आणि मधले दगड आत खचलेले असतात. दरज नेहमी दगडापेक्षा मऊ हवी, म्हणजे झिजायचं ते तिने झिजावं. एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग भरड, धुतलेली वाळू. आधी जुनी दरज हातछिन्नीने, दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल उकरायची. यंत्राच्या चकतीने दगडाच्या कडा जातात. मग भिंत पाण्याने भिजवायची, चुना दाबून भरायचा आणि ओल्या गोणपाटाने काही दिवस झाकायचा. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवायचं. हे काम सावकाश होतं, म्हणून ठेकेदाराला नको असतं. निविदेत ते शब्दांत लिहिलं नाही तर सिमेंट येणारच.

ऊब देतानाही घाई नडते. गार दालन दोन तासांत गरम हवेच्या झोताने १० अंश वर नेलं की लाकूड सुकतं, ऑर्गनच्या हवापेट्यांना तडे जातात, चामडं आखडतं. तासाला एक-दीड अंश यापेक्षा जास्त चढवायचं नाही आणि हिवाळाभर ८ ते १० अंशांचा पाया कायम ठेवायचा, हा सर्वसाधारण शिरस्ता. म्हणजे शनिवारच्या मैफलीची तयारी शुक्रवारी सकाळीच सुरू होते. कोण करणार ती? मैफलीपुरता आलेला मांडववाला करणार नाही. मठात राहणारा करेल.

माणसं किती बसवायची हे खुर्च्या ठरवत नाहीत, दारं ठरवतात. फ्रान्समध्ये सार्वजनिक वास्तूंना लागणारा नियम असा, की १०१ ते ५०० माणसांसाठी दर शंभरामागे एक आणि वर एक जादा, इतके वाट-एकक (बाहेर पडायच्या वाटेची रुंदी मोजायचं माप) हवेत, निदान दोन दारांत विभागून. ३०० माणसांना ४ एकक, म्हणजे प्रत्येकी दोन एककांची दोन दारं. दोन एककांचं दार १.४० मीटर रुंद लागतं. तेराव्या शतकातलं एकेरी दार मीटरभर असतं-नसतं. अशा वेळी दोन वाटा उरतात: भिंत फोडून दार वाढवणं किंवा माणसं कमी बसवणं. पहिल्या वाटेला गेलेला मठ परत मिळत नाही. दुसऱ्या वाटेला गेलं की तिकीटविक्री घटते आणि महोत्सवाचं गणित बिघडतं. बिघडू द्यावं. ज्या गणिताला सातशे वर्षांची भिंत आड येते ते गणितच चुकीचं.

हेच रोषणाईचं. दिव्यांचे खांब स्वतःच्या वजनावर उभे हवेत. काही अडकवायचंच असेल तर भोक दगडात नाही, दरजेत पाडायचं, आणि सळई न गंजणाऱ्या पोलादाची हवी. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. सामानाचे ट्रक चौकात आणायचे नाहीत, कारण सिस्टरशियन चौकाखाली बहुतेकदा जुन्या मोऱ्यांचं जाळं असतं आणि भरलेल्या ट्रकचं चाक तिथे खचतं. छपराजवळ वेल्डिंग किंवा ज्योतीचं काम झालं तर ते आटोपल्यावर निदान दोन तास माणूस तिथे थांबला पाहिजे. जानेवारी १९७२ मध्ये नांत शहराच्या कॅथेड्रलचं छप्पर दुरुस्तीच्या कामातल्या ज्योतीनेच पेटलं होतं.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. मठ प्रार्थनेसाठी होता; तिथे तिकीट लावून कार्यक्रम करणं, हॉटेल चालवणं म्हणजे त्याचा अवमान नव्हे का? ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या फोंतव्रोचं उदाहरण घेऊ. ११०१ मध्ये रोबेर दार्ब्रिसेल यांनी स्थापलेला हा मठ. स्त्रिया आणि पुरुष दोघांचा, आणि दोघांवर अधिकार मठाध्यक्ष स्त्रीचा. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, राणी एलेनोर आणि त्यांचा मुलगा रिचर्ड यांच्या समाधी-मूर्ती आजही तिथे आहेत. १८०४ मध्ये नेपोलियनने या मठाचा तुरुंग केला. चर्चच्या मुख्य दालनात मजले घालून कैदी ठेवले गेले. तुरुंग १९६३ पर्यंत चालला आणि शेवटचे थोडे कैदी तर १९८५ मध्ये गेले. सांस्कृतिक केंद्र १९७५ मध्ये सुरू झालं. २०१४ मध्ये मठाच्या आवारातल्या सँ-लाझार या भागात नव्याने सजवलेलं ५४ खोल्यांचं हॉटेल उघडलं, २०२१ मध्ये आधुनिक कलेचं संग्रहालय. मूळ स्थितीला नेणं म्हणजे यातल्या कुठल्या स्थितीला, हा प्रश्न तिथे खरा आहे. सात शतकं प्रार्थना, दीड शतकाहून जास्त तुरुंग. हॉटेलमुळे मठ श्रीमंतांचा होतो ही तक्रार मला मान्य आहे, आणि म्हणून हॉटेलच्या नफ्यातला ठरावीक वाटा छपरासाठी बाजूला निघतो की नाही, हे करारात दिसायला हवं. पण हॉटेलमुळे रोज रात्री कोणीतरी तिथे झोपतं, नळ चालू असतो, शेगडी पेटते, हे नाकारून चालणार नाही.

पावित्र्याच्या आक्षेपाला खरं उत्तर सेनांकने दिलं आहे. प्रोव्हाँसमधला हा बाराव्या शतकातला मठ. पुढे लव्हेंडरची शेतं, मागे डोंगर. भिक्षूंची संख्या घटली आणि १९६९ मध्ये ते निघून गेले. पुढची जवळपास वीस वर्षं तिथे सांस्कृतिक केंद्र चाललं: मैफली, परिषदा, प्रदर्शनं. १९८८ मध्ये भिक्षू परत आले आणि आजही आहेत. हे होऊ शकलं, कारण मधल्या वीस वर्षांत त्यांना परत येता येणार नाही असं वास्तूचं काही केलं गेलं नव्हतं. भोकं नाहीत, पाडापाडी नाही. नवीन काही केलंच तर ते पुन्हा काढून घेता यावं, हा नियम मला म्हणूनच सगळ्यांत वरचा वाटतो. आपण मठाचे आजचे वहिवाटदार आहोत, शेवटचे नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात मठ म्हटलं की खरे जुने मठ म्हणजे लेणी: कान्हेरी, भाजे, कार्ले, वेरूळ. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद आहे, र्वायोमोंच्या भोजनगृहाच्या मापाचं, आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. मापं सारखी, म्हणून वापरही सारखा, असा निष्कर्ष कोणी काढेल तर तो घातक ठरेल. ३०० माणसांच्या श्वासातलं ३० लिटर पाणी त्या लाकडाजवळ नको. लेण्याला दर्शनी बाजूच्या मोठ्या कमानदार खिडकीखेरीज खिडक्या नाहीत, मागची भिंत अख्खा डोंगर आहे, आणि एकच तोंड. केंद्र संरक्षित स्मारकात सभा, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करता येत नाही, असं १९५९ च्या नियमांत आहे आणि तो नियम योग्य आहे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या सान्निध्यात होणारा महोत्सव पुढे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातल्या सोनेरी महालात हलला, तेही बरंच झालं.

मग आपण काय उचलायचं? लेणी नकोत, पण संतपरंपरेतले मठ, संस्थानी वाडे, धर्मशाळा, कोट, घाट आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि यांतल्या बहुतेकांना संरक्षणाची पाटीही नाही. गोव्याकडे पाहिलं तर दोन्ही तऱ्हा दिसतात. जुन्या गोव्यात टेकडीवरचं अवर लेडी ऑफ द माउंटचं सोळाव्या शतकातलं छोटं चर्च फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाने दुरुस्त केलं आणि तिथे मोन्ते संगीत महोत्सव भरू लागला: आत पाश्चात्य अभिजात संगीत, बाहेर प्रांगणात आपलं गाणं-बजावणं. आतलं दालन लहान म्हणून काही कार्यक्रम बाहेर काढायचे, ही वास्तूला विचारून केलेली मांडणी आहे. त्याच गावात सतराव्या शतकातलं सांता मोनिकाचं भव्य कॉन्व्हेंट आहे. त्यात धर्मभगिनींचं शिक्षण चालतं आणि ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथे महोत्सवाची गर्दी नसते. पण रोज दारं उघडतात, जिने झाडले जातात, पावसाळ्यात कुठे ठिबकतंय ते त्याच दिवशी कळतं. माझ्या मते या दोहोंपैकी दुसरी तऱ्हा आपण जास्त शिकण्यासारखी आहे, कारण पहिलीला पैसा देणारे मिळतात आणि दुसरीला मिळत नाहीत.

एखादा वाडा किंवा मठ सांस्कृतिक वापराला देताना करारात मला चार गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात. वर्षातले निदान २०० दिवस तिथे काम चाललं पाहिजे, मग ती गाण्याची शाळा असो, हस्तलिखितांचं वाचन असो की गवंड्यांना चुन्याचं काम शिकवणारा वर्ग. आवारात राहणारा एक पगारी माणूस हवा, ज्याच्याकडे किल्ल्या आहेत आणि नोंदवही आहे. उत्पन्नातला ठरलेला हिस्सा आधी छपराला आणि पन्हळींना, मग रंगमंचाला. आणि प्रत्येक नव्या खिळ्याची नोंद: कुठे ठोकला, कशात ठोकला, कसा काढायचा.

नोंदवहीबद्दल थोडं, कारण तिच्यावर सगळं उभं आहे. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करायच्या. फ्रान्समध्ये पानगळीनंतर आणि वसंतात, कोकणात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच मुळासकट काढायचं. हातभर झालं की मूळ दरजेत शिरलेलं असतं, मग दगड हलवल्याशिवाय ते निघत नाही. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन वास्तूभोवती एक फेरी मारायची आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते कागदावर काढायचं, कारण उन्हात केलेल्या पाहणीत गळती सापडत नाही. भिंतीवरच्या तड्यावर जिप्समची पट्टी आडवी लावून तिच्यावर तारीख टाकायची. पट्टी फुटली तर तडा चालू आहे, नाही फुटली तर जुना आहे. या कामाला वास्तुविशारद लागत नाही. शिडी, बादली, खुरपं, डायरी आणि रोज तिथे असणारा माणूस लागतो. अनुदानाच्या अर्जात कलाकारांची यादी मागायच्या आधी या माणसाचा पगार कुठून निघणार, ते विचारावं.